वजन ९४, गुडघा सुजलेला आणि हातात बेंगळूरचा डाएट चार्ट. सुरुवात कुठून करू?

शिलाईवाली (९ मार्च, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. वाचते रोज, लिहायला आज पहिल्यांदा बसले. वय ४३, उंची १६० सेंमी, वजन ९४ किलो. बेळगावजवळच्या उचगावच्या पुढं आमचं गाव. घरीच ब्लाऊज शिवते. सकाळी नऊला मशीनवर बसले की दुपारी जेवायला उठते, परत बसते ते दिवेलागणीपर्यंत. आधी पायाची मशीन होती, दोन वर्षांपूर्वी मोटर बसवली. म्हणजे पायाला तेवढंही काम राहिलं नाही.

गेल्या महिन्यात माळ्यावरचं तांदळाचं पोतं ओढताना अशी धाप लागली की तिथंच पोत्यावर बसले. मुलानं धरून डॉक्टरांकडं नेलं. उपाशीपोटी शुगर ११२, बीपी १३८/८८. "वजन उतरवा" म्हणाले आणि एक छापील चार्ट दिला. सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोलीचं सॅलड, रात्री रागी मुद्दे (नाचण्याचे उकडलेले गोळे). आता मुद्दे आमच्याकडं कोण खातं? आणि ब्रोकोली आणली तर सासूबाई विचारणार, हा कसला न फुगलेला फ्लॉवर म्हणून.

खरं सांगते काय खाते ते. उठल्यावर चहा-बटर. न्याहारीला उप्पीट नाहीतर रात्रीचा फोडणीचा भात. दुपारी दोन भाकऱ्या, काहीतरी माळवं, वर भात. गिऱ्हाईक आलं की चहा, त्यांच्याबरोबर मलाही. संध्याकाळी चिरमुरे. रात्री भात-आमटी, आणि सगळ्यांची जेवणं झाली की पातेल्यात उरलेलं. टाकवत नाही.

चालायला गेले होते पाणंदीनं. तिसऱ्या दिवशी दोघींनी अडवून विचारलं, "काय गं, एवढ्या सकाळी? कुणाचं काय झालं काय?" पाचव्या दिवशी उजवा गुडघा सुजला. तेव्हापासून बंद.

आधी व्यायाम की आधी खाणं? आणि या चार्टचं काय करू?

---

तिखट_संकेश्वरी (९ मार्च, रात्री ११:१५)

चार्टची पुडी बांधा शेंगांना. खाणं कमी, काम जास्त, संपला विषय. आमच्या वेळी बेळगावला आनंदवाडीत कुस्त्या बघायला जायचो, तिथली पोरं रोज पाचपाचशे बैठका मारायची. कुणाला शुगर नव्हती. मशीनची मोटर काढा आणि पहाटे उठून शंभर बैठका मारा, वजन पळतंय का न्हाई बगा.

---

दुखरा_गुडघा (१० मार्च, सकाळी ७:०५)

काका, हात जोडते. पैलवानाच्या बैठका सुजलेल्या गुडघ्याला सांगू नका. ती पोरं पंधराव्या वर्षापासून तालमीत होती आणि कुस्ती सुटल्यावर त्यातल्या कितीजणांचे गुडघे माझ्यासारखीकडं येतात ते मला विचारा. (शहापुरात फिजिओथेरपी करते, नाव त्यामुळंच असं.)

शिलाईवाली अक्का, चार दिवस किती वेळ चाललात, आणि पायात काय होतं?

---

शिलाईवाली (१० मार्च, दुपारी १:३०)

एक तास. जमेल तेवढं भराभरा. पायात घरातलीच स्लीपर.

---

दुखरा_गुडघा (१० मार्च, रात्री ९:२०)

मग गुडघ्याची काही चूक नाही. दोन वर्षं बसलेल्या पायाला पहिल्याच दिवशी तासभर पळवलंत, तेही रबरी स्लीपरमध्ये, पाणंदीच्या खड्ड्यांतून.

आता सूज उतरेपर्यंत थांबा. आठवड्यात उतरली नाही, गुडघा गरम लागला किंवा मध्येच अडकला तर आधी दाखवून घ्या. उतरली की असं करा.

तास विसरून जा. जेवल्यावर दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, अंगणात नाहीतर सपाट रस्त्यावर. नाडीचे बूट किंवा मागं पट्टा असलेली चप्पल घ्या. वेग एवढाच ठेवायचा की शेजारणीशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. जेवणानंतर चाललं की रक्तातली साखर कमी उसळते, तुमच्या ११२ ला हे फार उपयोगाचं आहे. दर आठवड्याला एकेका फेरीला दोन-तीन मिनिटं वाढवत जा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल सांगते. तिथं पोचायला दोन महिने लागले तरी चालतंय.

दुसरं, आणि हे बायका हमखास सोडतात: ताकदीचा व्यायाम. तुमचं शिलाईचं स्टूल नको, ते सरकतं. चार पायांची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दुखत असेल तर बसायच्या जागेवर घडी घातलेली चादर टाकून उंची वाढवा. पाय खांद्याएवढे लांब, थोडं पुढं वाकायचं, उठायचं, आणि बसताना धपकन न पडता सावकाश बसायचं. सुरुवातीला मांडीवर हात टेकला तरी चालेल. आठ वेळा, मग विसावा, परत आठ वेळा. एक दिवसाआड. त्याच दिवशी भिंतीला तळहात लावून, कोपर वाकवत भिंतीकडं जायचं आणि स्वतःला मागं ढकलायचं, दहा वेळा. कट्ट्याला धरून टाचा उचलायच्या, दहा वेळा. सगळं मिळून पंधरा मिनिटं होत नाहीत.

दुखण्याचा नियम लक्षात ठेवा. करताना थोडं जाणवलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणं वाढलेलं असेल तर मोजमाप निम्म्यावर आणा. अजिबात बंद करू नका.

आणि मशीनवर एक सवय लावून घ्या. बॉबिन रिकामी झाली की उठायचं. भरलेल्या बॉबिनी शेजारी ठेवू नका, पलीकडच्या फळीवर ठेवा. पाण्याचा तांब्याही तिकडंच.

---

शिलाईवाली (१० मार्च, रात्री ९:५०)

बॉबिनचं एकदम पटलं. पाच भरून मांडीजवळच ठेवते मी, उठायला लागू नये म्हणून!

---

पाणंद (११ मार्च, रात्री १०:१०)

व्यायामाचं ताईंनी सांगितलं. खाण्याचं मी सांगतो, डॉक्टर नाही, गोवावेसजवळ हार्डवेअरचं दुकान आहे. १०८ होतो, दीड वर्षात ९३ वर आलो. मध्ये एका लगीनसराईत चार किलो परत चढले होते, तेही सांगून टाकतो.

सगळी सुरुवात काट्यापासून झाली. गिऱ्हाइकाला खिळे ग्रॅमवर मोजून देतो, पण स्वतःच्या ताटात काय पडतंय ते आयुष्यात कधी मोजलं नव्हतं. एका रविवारी दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा घरी आणला. आई भाकऱ्या करत होती. म्हटलं, आई, एका भाकरीचं पीठ यात घाल. "आता माझ्या भाकरीवर जकात बसवतोस होय?" म्हणाली, पण घातलं. ९५ ग्रॅम! मी दोन खायचो, म्हणजे १९० ग्रॅम पीठ. शंभर ग्रॅम जोंधळ्याच्या पिठात साधारण ३४० उष्मांक धरले तर नुसत्या भाकरीचे साडेसहाशेच्या घरात गेले. त्यावर भात वेगळा, तोही वाटीनं नाही, उलथन्यानं.

इथं एक गैरसमज आहे आपल्या भागात, "भाकरी खाल्ली की वजन चढत नाही". जोंधळा, नाचणा, गहू, तांदूळ, कोरडं वजन सारखं घेतलं तर उष्मांक जवळजवळ सारखेच. जोंधळ्या-नाचण्यात तंतू जास्त, पोट जास्त वेळ धरून ठेवतात, एवढा फायदा नक्की. पण तो फायदा एका भाकरीत मिळतो, तिसऱ्या भाकरीत नाही. गुळाचंही तेच. साखर बंद करून चहात गुळाचा खडा टाकणारे बघितलेत, शरीराला त्यात फारसा फरक कळत नाही.

मी काहीच बंद केलं नाही. आईला सांगितलं, उंडा लहान कर. ६० ग्रॅमवर आणली भाकरी. आधी कच्चं माळवं, काकडी, मुळा, गाजर, जे शिवारात असेल ते. मग मसूर नाहीतर हुलग्याची घट्ट उसळ, वाटीभर. मग भाकरी. भात एकाच वेळी, आणि वाटीनं मोजून. येळ्ळूरचा बासमती असला की हात थांबत नाही, म्हणून पातेलं स्वयंपाकघरातच ठेवायचं, ताटाशेजारी आणायचंच नाही. हा सगळ्यात मोठा उपाय निघाला, हसू नका.

तुम्हाला ब्रोकोली कशाला हवी? उचगाव-बेळगुंदीच्या पट्ट्यात राहता, मसूर, हुलगे, अळसंदे, वाटाणा, पालेभाजी दारात. रताळीही तुमच्याकडचीच, पण रताळं खाल्लं त्या दिवशी भात कमी करा, दोन्ही पिठूळच.

घरी दोन गोष्टी मोजून बघा: दिवसाची साखर आणि महिन्याचं तेल. तेलाच्या कॅनवर आणलेली तारीख लिहून ठेवा.

---

खारीबटर (११ मार्च, रात्री १०:३२)

"भाकरीवर जकात" 😂 आईंना नमस्कार सांगा.

---

शिलाईवाली (१३ मार्च, रात्री १०:००)

मोजलं, आणि गप्पच बसले.

चहा दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे. माझा चमचा काट्यावर ५ ग्रॅमचा निघाला (सोनाराकडं जाऊन मोजला, मुलगा म्हणतो तू वेडी आहेस). म्हणजे ५० ग्रॅम साखर, नुसती चहातून.

तेल सहा लिटर महिन्याला, माणसं पाच. आणि आम्ही "तेलकट खातच नाही" असं मी डॉक्टरांना सांगून आले होते.

---

पाणंद (१३ मार्च, रात्री १०:४५)

पाचजणांत सहा लिटर म्हणजे माणशी दिवसाला ४० मिलि, सव्वातीनशेच्या वर उष्मांक. तेलाच्या एका ग्रॅमला ९, पिठाच्या किंवा डाळीच्या एका ग्रॅमला साधारण साडेतीन, म्हणून तेल दिसत नाही पण मोजलं की बोचतं. माणशी अर्धा लिटर महिन्याला धरा, अडीच लिटरवर या. एकदम नको, पहिला महिना साडेचार. बाटलीतून सरळ कढईत ओतणं बंद, चमचा वापरा.

साखर: पहिला आठवडा दोनाचा दीड चमचा, पुढच्या आठवड्यात एक. जीभ बदलायला वेळ लागतो पण बदलते. गिऱ्हाइकाला चहा द्या, स्वतःसाठी ताक घेऊन बसा.

---

नर्सअक्का_खानापूर (१४ मार्च, दुपारी ३:१०)

चांगलं चाललंय, पण सुरू करण्याआधीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

९४ ला १.६० च्या वर्गानं भागलं तर ३६.७ येतं, तो तुमचा बीएमआय. आपल्या लोकांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडं पोटाभोवती चरबी लवकर साठते आणि शुगर लवकर येते. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर. अजून आत पाऊल पडलेलं नाही, हे चांगलं. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी आणि एकदा थायरॉईडची टीएसएच करून घ्या. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासतात, त्यासाठी खर्च करायची गरज नाही. थायरॉईड निघालाच तरी सगळं खापर त्यावर फोडू नका, त्यानं चढणारं वजन सहसा थोड्या किलोंचं असतं.

चालताना छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, डोळ्यांसमोर अंधारी आली तर तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. रात्री मोठ्यानं घोरत असाल आणि दिवसा मशीनवर डुलकी लागत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा आजार वजनाबरोबर येतो.

आणि हे अक्कासाठी नाही, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. आमच्या ओळखीतल्या एका मावशींनी मोबाईलवर बघून दिवसातून दोनदाच जेवायला सुरुवात केली. ग्लिमेपिराइडची (शुगर उतरवणारी) गोळी मात्र रोजच्या वेळेला चालूच. चौथ्या दिवशी सकाळी अकराला घामानं डबडबल्या, बोलणं बरळल्यासारखं. घरच्यांनी तोंडात साखर घातली म्हणून निभावलं. इन्सुलिन किंवा अशी गोळी चालू असेल तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, आणि चालायला जाताना खिशात साखरेची पुडी ठेवा.

---

खारीबटर (१४ मार्च, रात्री ८:२५)

माझंही सांगते. वय २७. आमच्या गल्लीत सकाळी सहाला एक "क्लब" भरायचा, डब्यातली पावडर घुसळून शेक द्यायचे, टाळ्या, नाच, वजनाचा फोटो. तीन महिन्यांत सहा किलो उतरले, पगारातले तेवढेच हजारही. शेक बंद केला आणि पाच महिन्यांत आठ किलो परत. आता कळतं, पावडरीत जादू काही नव्हती, रात्रीचं जेवणच बंद होतं. शिवाय मला सांगितलं होतं की आणखी चार माणसं आणलीस तर तुझा शेक स्वस्त पडेल. मैत्रिणी मला बघून रस्ता बदलायला लागल्या होत्या.

---

लोड_निपाणी (१५ मार्च, पहाटे ४:५०)

मी ट्रक चालवतोय, निपाणी ते पुणे. वजन १०२. ढाब्यावर काय खायाचं सांगा की ओ. तिथं हुलगा कोण करणार?

---

पाणंद (१५ मार्च, सकाळी ९:००)

तंदूर रोटी लोण्याशिवाय, डाळ तडक्याशिवाय, कांदा-काकडी पहिल्यांदा मागवायची. अंडी उकडून देतात सगळीकडं, दोन खा, १२ ग्रॅम प्रथिनं झाली. बाटलीतलं थंड पेय मात्र सोडाच दादा, त्यात नुसती विरघळलेली साखर. आणि गाडी थांबली की ट्रकभोवती दहा चकरा, टायर बघत.

---

लोड_निपाणी (१५ मार्च, सकाळी ९:२०)

टायर तर बघायचेच असतात. एका कामात दोन कामं. बरं हाय.

---

तिखट_संकेश्वरी (१७ मार्च, रात्री ९:४०)

काल घरात कुणी नव्हतं तेव्हा खुर्चीवरून हात न लावता उठून बघितलं. सहाव्याला थांबलो. वय ६७. बैठकांचं परत बोलणार न्हाई.

---

दुखरा_गुडघा (१७ मार्च, रात्री ९:५५)

काका, सहा म्हणजे सुरुवातीला छान आहे. तीन-तीनचे दोन डाव करा. 🙏

---

शिलाईवाली (६ एप्रिल, रात्री १०:२०)

चार आठवडे झाले, हिशोब देते. सूज आठ दिवसांत उतरली. चालणं आता पंधरा मिनिटं, तीनदा. खुर्ची दहा-दहा. वजन ९२.६. मनासारखं नाही उतरलं. घरात तर कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण लोकांच्या विचारण्यावर उपाय सापडला. डेअरीला दूध घालायला जाणाऱ्या बाईला कुणी "कुठं निघालीस" विचारत नाही. आमच्याकडं म्हैस नाही, दोन वर्षांपूर्वी विकली. पण किटली आहे. सकाळी रिकामी किटली हातात घेऊन निघते, डेअरीच्या पुढं ओढ्यापर्यंत जाते आणि परत येते. एक शब्द कुणी विचारला नाही! गेल्या आठवड्यात मागच्या आळीतली एक वैनी हळूच म्हणाली, अगं, तुमची म्हैस तर विकली ना? तिला खरं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तीही किटली घेऊन येते. तिच्याकडं म्हैस आहे, दूध मात्र तिचा दीर घालतो. आता आम्ही चौघी आहोत.

आणि बस फुकट झाल्यापासून आम्ही बायका हिंडलग्यात दोन थांब्यांसाठीसुद्धा चढायचो, ते बंद केलंय. एक थांबा आधी उतरते.

कंबर टेपनं मोजली, आधी १०८ सेंमी होती, आता १०६. टेपवर तरी माझा विश्वास आहे.

---

दुखरा_गुडघा (७ एप्रिल, सकाळी ७:३०)

किटलीची गोष्ट मी उद्या माझ्या सगळ्या पेशंटना सांगणार.

कंबर कुठं मोजलीत? परकराची नाडी बांधतो तिथं?

---

शिलाईवाली (७ एप्रिल, दुपारी १:१५)

हो, तिथंच. वीस वर्षं तशीच मोजतेय.

---

दुखरा_गुडघा (७ एप्रिल, रात्री ९:००)

शिलाईला ते बरोबर, तब्येतीला नाही. बाजूला हात लावून शेवटची बरगडी शोधा, खाली कमरेचं हाड शोधा. दोन्हीच्या मधोमध टेप, जमिनीला समांतर. श्वास सोडून झाल्यावर वाचायचं, पोट आत ओढायचं नाही, टेप आवळायचा नाही. आपल्याकडं बाईला ८० सेंमी आणि पुरुषाला ९० ही हद्द धरतात. पहिला आकडा बघून घाबरू नका, तिथून किती उतरतंय ते बघायचं.

चार आठवड्यांत १.४ किलो हे कमी वाटतंय, पण तुमचं पहिलं लक्ष्य ९४ च्या ५ टक्के, म्हणजे ४.७ किलो. एवढ्यानंही बीपी आणि शुगरला फरक पडतो. आणि गुडघ्याचं गणित वेगळंच आहे: अंगावरचा एक किलो उतरला की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो. तुमचा उजवा गुडघा परत सुजला नाही त्याचं कारण यातही आहे.

---

खारीबटर (७ एप्रिल, रात्री ९:३०)

अक्का, फोनमध्ये पावलं मोजता का? माझी रोज दहा हजार होत नाहीत, वाईट वाटतं.

---

पाणंद (७ एप्रिल, रात्री ९:४८)

दहा हजार हा काही तब्येतीचा पक्का नियम नाही. १९६५ ला जपानात पावलं मोजायचं यंत्र निघालं, त्याचं नावच "मानपो-केई", म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. जाहिरात होती ती. काल चार हजार झाली असतील तर आज पाच करा, बास.

---

लोड_निपाणी (२० एप्रिल, दुपारी २:००)

ते वजनाचं इंजेक्शन घेतलं की भूकच लागत न्हाई म्हणत्यात. घ्यावं काय? खुर्चीवरून उठबस करत बसायला नको.

---

नर्सअक्का_खानापूर (२० एप्रिल, रात्री ८:१५)

उठबस तरीही करावीच लागेल दादा. भारतात मौंजारो मार्च २०२५ ला आणि वेगोवी जून २०२५ ला आलं. भूक कमी होते, वजन उतरतं, खोटं नाही. पण मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ होतात, बंद केलं की उतरलेल्यातलं बरंच परत चढतं. आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम जोडीला लागतोच. कुणाला द्यायचं, कुणाला नाही हे डॉक्टर तपासून ठरवतात. मेडिकलच्या काउंटरवरून मित्राच्या सांगण्यावरून आणायची वस्तू नाही ती.

---

शिलाईवाली (१२ मे, रात्री ११:००)

आमच्या गावची लक्ष्मी यात्रा झाली. पै-पाहुणे, मटण, सगळं. आठ दिवस किटली खुंटीला. वजन ९१.२ होतं, ९२.४ झालं. रडायला आलं खरं.

---

पाणंद (१२ मे, रात्री ११:२०)

आठ दिवसांत सव्वा किलो चरबी चढायला रोज हजाराच्या वर जादा उष्मांक लागतील. त्यातलं बरंच मिठानं धरलेलं पाणी आहे, आठवड्यात उतरेल. यात्रा वर्षानुवर्षांनी येते, मटण खाल्लंत ते बरंच केलंत. पुढच्या वेळी रस्सा ताटात वाढायच्या आधी वरचा तवंग पळीनं बाजूला करा, फोडी खा, भात निम्मा. आणि उद्या सकाळी किटली.

---

तिखट_संकेश्वरी (१३ मे, सकाळी ६:१०)

निघालात काय ओ?

---

शिलाईवाली (१३ मे, सकाळी ७:४०)

जाऊन आले. चौघीही.

---

शिलाईवाली (१४ जून, रात्री ९:३०)

तीन महिन्यांची तपासणी झाली. वजन ८९.५. उपाशीपोटी शुगर १०३, बीपी १२८/८२. तुम्ही सांगितलेल्या जागी कंबर मे महिन्यात १०३ होती, आता १००. तेल तीन लिटरवर आलंय, साखर चहात अर्धा चमचा. उरलेलं खाणं अजून पूर्ण सुटलेलं नाही, पण आता आधीच मोजून शिजवते, त्यामुळं उरतच नाही. सासूबाई पहिल्यांदा कुरकुरल्या, पाहुणा आला तर काय वाढणार म्हणून. पाहुणा आला तेव्हा उप्पीट केलं, वीस मिनिटं लागली.

एक सांगायचं राहिलं. गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला आम्ही आत दोन इंच माया सोडतो, पुढं अंग सुटलं तर उसवून ढिला करता यावा म्हणून. माझ्या स्वतःच्या एकाही ब्लाऊजला माया राहिली नव्हती, सगळी उसवून झाली होती. काल पहिल्यांदा आतून उलटी टीप मारली, दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच.

आता प्रश्न असा की पाऊस सुरू झालाय. आमच्याकडं एकदा लागला की आठ आठ दिवस थांबत नाही, पाणंद नुसता चिखल. पुढच्या महिन्यात भाताची लावणही आहे. चालायचं कुठं?

---

दुखरा_गुडघा (१४ जून, रात्री १०:०५)

देवळाच्या सभामंडपात चाला, सकाळी रिकामाच असतो. नाहीतर पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत, दहा मिनिटं घड्याळ लावून. चिखलात घसरून पडण्यापेक्षा ते बरं. लावणीचे दिवस कष्टाचेच आहेत, त्या आठवड्यात वेगळा व्यायाम नको. फक्त तासन् तास कमरेत वाकून राहू नका, दर दोन ओळींनी सरळ उभं राहून कमरेवर हात ठेवून मागं झुका. खुर्चीची उठबस आता बारा-बारावर न्या, हात छातीवर बांधून.

---

तिखट_संकेश्वरी (१४ जून, रात्री १०:३०)

ती किटली किती लिटरची हाय?

---

शिलाईवाली (१४ जून, रात्री १०:३५)

दोनची. रिकामीच नेते अजून.

---

तिखट_संकेश्वरी (१४ जून, रात्री १०:३७)

मग आता पाणी भरा की.

---

दुखरा_गुडघा (१४ जून, रात्री १०:४२)

यावेळी काकांचं बरोबर आहे. पहिले पंधरा दिवस अर्धी भरा, आणि ओढ्यापाशी हात बदला.